पापणीचा रंग

३ जून

वहिनी,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी कामाचं. माझा पाय अजून दीड महिना प्लास्टरमध्येच राहणार असं हाडांचा डॉक्टर म्हणतो. डॉक्टर जवळ म्हणून घेतलेली शहरातली, दुसऱ्या मजल्यावरची ही खोली म्हणजे खुराडं आहे. खाली सायकलदुरुस्तीचं दुकान, दिवसभर ठोकाठोकी. मेंढ्यांचा आवाज नाही, वास नाही, माणसाला झोप कशी लागावी?

कोकरं तीन महिन्यांची झाली. दूध तोडायची वेळ आली आहे. हे बापूवर सोडू नकोस. माझा भाऊ असला तरी मला तो पुरता ठाऊक आहे, हो म्हणेल आणि विसरेल. तू कर. हलवायच्या त्या आया, पिल्लं नाही, हे पक्कं डोक्यात ठेव. आयांना ओढ्यापलीकडे ने आणि पिल्लं ओळखीच्या गोठ्यातच राहू देत. एका दिवसात आईही गेली आणि घरही गेलं तर कोकरू खाणं सोडतं. चार दिवस बोंबलतील, तुझं डोकं उठेल, तिकडे लक्ष देऊ नकोस. गप्प झाली की समज तुटलं.

मग त्यांना वरच्या रानात सोड. ते रान मी थंडी संपल्यापासून बंद ठेवलंय, एकाही मेंढीचं तोंड तिथल्या गवताला लागलेलं नाही. मोठ्यांच्या लेंड्यांतून जंत गवतावर चढतात, मोठ्यांना ते सोसतात, पिल्लांना सोसत नाहीत. तेव्हा आया त्या फाटकातून आत गेल्या तर मी तुझं तोंड बघणार नाही. दव वाळल्याशिवाय सोडायचं नाही. गवत घोट्याइतकं उरलं की पुढच्या तुकड्यात हलवायचं, बुडखे खरवडू द्यायचे नाहीत, जंत तिथेच दबा धरून बसतात. संध्याकाळी पेंड आणि भरडा दे, वर सुबाभळीचा पाला. पाला बेताने, जास्त झाला तर लोकर गळते. आणि रोज सकाळी चार-पाच पिल्लांची खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा. लाल असली तर उत्तम. फिकी झाली तर सावध हो. पांढरी झाली म्हणजे जंतांनी रक्त पिऊन संपवलं, मग बसून राहायचं नाही, पळायचं.

म्होरकीला मात्र पिल्लांबरोबरच ठेव. माझी घंटावाली म्हातारी आता व्यायची थांबली, पण आईवेगळी कोकरं तिच्यामागे निमूट चालतात. दर वर्षी तिनेच त्यांना वळण लावलंय.

तुझी ठकी मजेत आहे. महिनाभर हाताशी म्हणून आणली होती, पण आता तिला इथल्या शाळेत घातलं, शाळा कोपऱ्यावरच आहे. बापूला कळवलं होतं, त्याची हरकत नाही. ती आता इथेच राहील.

आशीर्वाद.
आक्का


८ जून

आक्का,

नमस्काराला हात जोडावे लागतात आणि आत्ता तुमच्यापुढे माझे हात जुळत नाहीत, तेव्हा तो राहू द्या.

अख्खं पत्र मेंढ्यांवर आणि माझ्या लेकीवर चार ओळी, त्याही तळाशी. पेंड किती घालायची ते तुम्ही मला समजावून सांगता, आणि माझी नऊ वर्षांची पोर आता कुठे राहणार ते जाता जाता कळवता. तुम्ही पडलात, तुम्हाला पाण्याचा तांब्या द्यायला कुणी हवं होतं, म्हणून मी तिला पाठवली. एक महिना म्हणाला होतात. दारातून गाडीत बसताना, माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला होतात.

यांना विचारलं. तुमचे बंधुराज कामावर निघाले होते, बुटाच्या नाड्या बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "आक्काने विचारलं, मी हो म्हटलं. तुला सांगायचं राहिलं." आक्का, मीठ आणायचं राहतं. पोरगी देऊन टाकल्याचं सांगायचं राहत नाही. मी त्या दिवसापासून त्यांच्याशी बोललेली नाही, आणि गंमत म्हणजे ते त्यांना अजून कळलेलं नाही.

तुमचा राग मी बारा वर्षं सोसला. भाकरी करपली तरी मी, फाटक करकरलं तरी मी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. पण हे मी सोसणार नाही. तिला दुधाच्या गाडीत बसवून द्या, तो ड्रायव्हर आपल्या ओळखीचा आहे. शाळा इथेही आहे. आयजीच्या जिवावर बायजी उदार व्हायचं, ते दुसऱ्या कुणाच्या घरी.

कोकरांचं तुम्ही सांगितलंत तसं करीन. त्यांचा यात काही दोष नाही.

वहिनी


१३ जून

वहिनी,

पत्र मिळालं. दोन ठिकाणी पेनाने कागद फाटलाय. एवढा जोर गोठा झाडताना लावला असतास तर बरं झालं असतं.

तुझ्या शाळेचं मला सांगू नकोस. एकच मास्तर, आणि ओढ्याला पाणी आलं की तोही पलीकडे अडकतो. ठकीला मेंढीच्या दातांवरून तिचं वय सांगता येतं, पण सातचा पाढा येत नाही. तिने काय आयुष्यभर माझ्यासारखं लेंड्यांत उभं राहायचं? मला कुणी शिकवलं नाही म्हणून मी मेंढ्यांत राहिले. ती राहणार नाही.

मला मूल नाही, म्हणून माझा तिच्यावर हक्क नाही, असं तू लिहिलं नाहीस. पण ते तुझ्या ओळींच्या मधल्या जागेत दिसतं. दिसू दे. ती जन्मली तेव्हा तू तापाने फणफणली होतीस, आणि तिला आठ दिवस उराशी धरून मी बसले होते. ते तुझ्या सोयीने तू विसरलीस.

आणि सांभाळायची भाषा तू करावीस? गेल्या पावसात दूध तोडलेली तीन कोकरं तुझ्या हाताखाली मेली. मी तेव्हा बोलले नाही. (बोलले असेन, पण कमी बोलले.) ज्या बाईला कोकरू जगवता येत नाही तिने लेकराच्या गोष्टी करू नयेत.

तरी मी अन्याय करणारी नाही. यंदाची तुकडी चाळीसेक आहे. ती या पावसातून धडधाकट बाहेर काढून दाखव. माझ्या मदतीशिवाय, रानात चारून. एकही दगावता कामा नये. दाखवलंस तर ठकीला मी स्वतः आणून सोडीन, काठी टेकत टेकत. नाही जमलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. रान माझं आहे, कळप माझा आहे, आणि तुम्ही राहता ते घरही माझं आहे. हे मी कधी बोलून दाखवत नाही, आज दाखवते.

आक्का


२ जुलै

आक्का,

अट मान्य आहे. मान्य न करून जाणार कुठे? पण एक लिहून ठेवते. माझ्या लेकीची मान तुम्ही चाळीस कोकरांच्या मानेला बांधलीत, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

दूध तोडलं. आया ओढ्यापलीकडे, पिल्लं अलीकडे. दोन्हीकडून जो आकांत सुरू झाला तो तुम्ही दर वर्षी कसा ऐकता कोण जाणे. यांनी कानात कापूस घातला आणि जेवताना मला विचारलं, "काही म्हणालीस का?" एक मेंढी तीनदा ओढ्यातून पोहून परत आली. ती कपाळावर पांढरा ठिपका असलेली, जिचा पान्हा दाटून सड दगडासारखे झाले होते. तिन्ही वेळा मीच तिला परत नेलं. तिसऱ्यांदा दोर ओढताना मी तिला शिव्या देत होते, आणि अर्ध्या वाटेत माझ्या लक्षात आलं की त्या शिव्या तिच्यासाठी नाहीत. कुणासाठी होत्या ते तुम्हाला सांगायला नको.

आता गप्प झाली आहेत. वरच्या रानात सोडली. गवत गुडघ्याएवढं आहे, पोरं नुसती बुडून जातात, पाठी तेवढ्या दिसतात. फाटकाला मी कडीवर आणखी तार गुंडाळली आहे, ती सोडवायला पक्कड लागते, तेव्हा फाटकाची काळजी करू नका. दव वाळल्याशिवाय सोडत नाही. पापण्या लाल आहेत. पेंडीची घमेली वाजली की अशी धावतात की मला पाडतील एखाद्या दिवशी.

एक विचारायचं होतं. म्होरकी मला ठीक वाटत नाही. खंगली आहे, कमरेची हाडं वर आली आहेत, शेपटीखाली सगळं बरबटलेलं असतं. तुम्हीच लिहिलंत ना, मोठ्या मेंढीचं तोंड त्या गवताला लागू द्यायचं नाही? मग ती तिथे कशी चालते? तिला बाजूला काढू का? तुमच्या हुकमाशिवाय हात लावत नाही, नाहीतर तेही माझ्या नावावर लागेल.

ठकीला दोन ओळी लिहायला सांगा. तुमच्याच पत्राखाली लिहू दे, वेगळा कागदही नको. तिचं अक्षर बघायचं आहे.

वहिनी


७ जुलै

वहिनी,

म्होरकी खंगलेली नाही, म्हातारी आहे. दोन्हीत फरक असतो, तो तुला तुझे गुडघे बोलायला लागले की कळेल. तिला पिल्लांतून काढायचं नाही. तू या घरात आलीस त्याच्या आधीपासून ती माझ्या कळपाच्या पुढे चालते आहे, आणि तिने तुझ्यापेक्षा जास्त पोरं वाढवली आहेत. माझ्या मेंढीला नावं ठेवण्यापेक्षा तुझी नजर कोकरांवर ठेव.

ठकीला अभ्यास असतो, पत्रांना वेळ नाही. पहिले काही दिवस रडली, आता अगदी गप्प आहे. रमली.

आक्का


२६ जुलै

ती. आक्कांना सप्रेम नमस्कार.

इकडे सर्व ठीक. पाऊस चांगला आहे, गवतही भरपूर आहे. कोकरं आपली चरताहेत. लोकर कातरायला कातरवाला येऊन गेला, मोठ्या मेंढ्या त्याने दोन दिवसांत उरकल्या. तुमच्या पायाची काळजी घ्यावी. प्लास्टर निघालं असेल तर लगेच जिना उतरू नये.

ठकीला माझे आशीर्वाद सांगावेत.

आपली,
वहिनी


३ ऑगस्ट

वहिनी,

तुझं "सर्व ठीक" आणि "सप्रेम नमस्कार" वाचलं तेव्हाच मला शंका आली होती. बारा वर्षांत तू मला सप्रेम काही लिहिलेलं नाहीस.

काल कातरवाला दारात येऊन उभा राहिला. कात्र्यांना धार लावायला इकडे आला होता, म्हणाला आक्कांना भेटून जावं. भला माणूस, खोटं बोलता येत नाही. मी विचारलं कोकरं कशी आहेत, तर टोपी काढून हातात फिरवायला लागला. पाच मेली म्हणाला. एक तर त्यानेच खड्डा खणून पुरलं. उरलेल्यांतली कितीतरी मान खाली घालून उभी असतात, जबड्याखाली पाणी उतरून हनुवटीला पिशवी लोंबते. जबड्याखाली पाणी म्हणजे काय ते तुला माहीत नसेल तर ऐक. अंगात रक्त राहिलेलं नाही. आणि तू मला पावसाच्या गप्पा लिहितेस.

पापण्या बघत होतीस ना रोज? काय बघत होतीस, काजळ?

फाटक उघडं टाकलंस. दुसरं काही असूच शकत नाही. आया आत घुसल्या, चार दिवस चरल्या, तू गुपचूप हाकलून दिल्यास आणि वर तारेच्या आणि पक्कडीच्या बाता मारल्यास. बंद ठेवलेलं रान असं आपोआप नासत नाही. चार महिने मी त्या गवताकडे नुसतं बघत बसले, आटलेल्या मेंढ्यासुद्धा आत सोडल्या नाहीत, आणि तू दीड महिन्यात त्याचं वाटोळं केलंस. मी इथे पलंगावर पडून रोज मनातल्या मनात त्या रानात फेरी मारत होते. या तुकडीतल्या माद्या पुढे कळप चालवणार होत्या.

अट तूच मान्य केली होतीस. तेव्हा आता ठकीचं नाव काढायचं नाही. ती इथेच शिकेल, इथेच वाढेल. तुझ्या हाताखाली जे जातं त्याचं काय होतं ते दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा बघायची माझी तयारी नाही.

आक्का


९ ऑगस्ट

आक्का,

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा असतात.

पाच मेली, खरं आहे. मी लपवलं, तेही खरं. लपवणार नाही तर काय? एक कोकरू आडवं झालं की माझी पोरगी एक पाऊल लांब जात होती. पहिलं मेलं तेव्हा मी त्याच्याशेजारी चिखलात बसले आणि मला त्याच्यासाठी रडूसुद्धा आलं नाही, मी फक्त तुमचा विचार करत होते. माणसाला असं करून ठेवलंत तुम्ही.

पण फाटक उघडलं नाही. तार अजून तशीच आहे, गंजली आहे, येऊन बघा. आया आत गेल्याच नाहीत. आत होती ती तुमची म्होरकी.

पापण्या फिक्या व्हायला लागल्या तशी मी पळतच सुटले. जनावरांच्या डॉक्टरकडे कोकरांच्या लेंड्या नेल्या आणि एका पुडीत म्होरकीच्याही नेल्या. त्याच्या टेबलावर बारीक जंतू मोठे करून दाखवणारी दुर्बीण आहे. कोकरांच्या लेंड्यांतली जंतांची अंडी त्याने मोजली. म्होरकीची काच लावली आणि थोड्या वेळाने त्याने मोजणंच सोडून दिलं. मला विचारलं, ही कुठे चरते? मी सांगितलं. तो म्हणाला, "बाई, मग रान बंद कशाला ठेवलं होतंत?" म्हातारी झाली की मोठ्या मेंढीलाही जंत आवरत नाहीत, म्हणाला. ती पुढे चालायची, पेरत जायची, आणि आपली पोरं तिच्यामागे निमूट चालत तेच गवत खायची. तुम्हीच लावून दिलेलं वळण. मी विचारलं होतं, आक्का. दोन जुलैला विचारलं होतं. तुमचं उत्तर मी उशाशी ठेवलंय. आणि गेल्या वर्षीची ती तीन, जी वर्षभर माझ्या डोक्यावर मारलीत, तीही तिच्याच मागे चालत होती.

सगळ्या जगाला नियम, फक्त तुमच्या लाडकीला नाही. आपला तो बाब्या.

म्होरकीला मी वेगळं काढलं, औषध पाजलं, गोठ्यामागे एकटी बांधली आहे. मारली नाही, घाबरू नका. कोकरांनाही औषध दिलं आणि उन्हाळी मका काढलेल्या शेतात हलवली. तिथे कधीच मेंढी चरलेली नाही. पेंड दुप्पट केली. परवापासून जबड्याखालचं पाणी ओसरतंय. काल एका कोकराने दुसऱ्याला ढुशी दिली, घमेलं उलटं केलं, आणि मी आनंदाने त्याला एक धपाटा घातला. उरलेली जगतील.

आता कातरवाल्याचं. तुम्ही म्हणता तसा तो भला माणूस आहे, खोटं बोलता येत नाही. तुमच्याकडून परत जाताना माझ्याकडेही थांबला, आणि इथेही त्याने टोपी काढून हातात फिरवली. ठकी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली होती म्हणाला. पहिल्यांदा ओळखलीच नाही, इतकी वाळली आहे. दर वर्षी त्याच्यामागे मेंढ्यांचे पाय धरायला धावणारी पोर, उठलीसुद्धा नाही. शेजारी ताट तसंच होतं. त्याने थट्टा केली, हसली नाही. एवढंच विचारलं, "ओढ्यापलीकडच्या आया अजून ओरडतात का हो?"

तुम्ही लिहिलंत, गप्प आहे, रमली. आक्का, तुम्ही चाळीस वर्षं जनावरं पाळलीत. आजारी कोकरूही गप्पच असतं, हे मी तुम्हाला सांगायचं? एका दिवसात आईही गेली आणि घरही गेलं तर ते खाणं सोडतं, हे तुमच्या पहिल्याच पत्रात आहे. कोकरांसाठी लिहिलंत. माझ्या पोरीसाठी तुम्हाला आठवलं नाही.

मी येते आहे. तुमच्या अटीवर थुंकले. वीस तारखेला कोकरांना औषधाचा दुसरा डोस पाजायचा आहे, तो चुकला तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. तो झाला की निघते. यांना सांगितलंय, मी नसेन तेव्हा पापण्या तुम्ही बघायच्या. त्यांनी नेहमीसारखी मान डोलावली. या वेळी मी हाताला धरून गोठ्यात नेलं आणि पहिलं कोकरू त्यांच्या मांडीवर ठेवलं. रान तुमचं, घर तुमचं, कळप तुमचा. काढायचं असेल तर बाहेर काढा. पोरगी माझी आहे.

वहिनी


१४ ऑगस्ट

वहिनी,

तुझं पत्र काल दुपारी आलं. पहिल्यांदा वाचलं आणि भिरकावून दिलं, ते पलंगाखाली गेलं. मग काठीने ओढून काढून पुन्हा वाचलं. तुझी जीभ सुरीसारखी आहे, ती आधी कुठे लपवून ठेवली होतीस? बारा वर्षं नुसती मान खाली घालून भांडी घासलीस, आणि मी समजले तुला बोलता येत नाही.

मी माफी मागणार नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, मला येतच नाही ते. म्होरकीवर मला अजून राग धरता येत नाही, तुझ्यावर येतो, त्या दुर्बीणवाल्यावर येतो, कातरवाल्याच्या टोपीवर येतो. ती दिवसभर माझ्या आवाजावर चालायची. मी हाक मारली की चाळीस पोरं वळायची. ते बंद झालं असतं तर मी कोण उरले असते? जाऊ दे. तिला गोठ्यामागे बांधलीस ते ठीक केलंस. मी आले की मलाही तिथेच शेजारी खाट टाकून दे. आम्हा दोघी म्हाताऱ्यांना एका कुंपणात ठेव, पोरांपासून लांब.

शाळेत ती हुशार आहे. हे तुला कळायला हवं म्हणून लिहिते. सातचा पाढा पाठ झाला. मास्तरीणबाई म्हणतात, उत्तरं बरोबर देते, पण विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही. मला ते ऐकून बरं वाटायचं. शहाणी झाली म्हणायची मी. ताट तसंच परत यायचं, तेव्हा शहरातल्या पोरी नाजूक खातात असंही म्हणायची. खोटं बोलायला मला कुणी शिकवायला नको, मी स्वतःशीच पुष्कळ बोलून घेतलं.

आज सकाळी ती माझ्या पलंगाशी पाणी घेऊन आली. मी तिला खिडकीजवळ उभी केली, उजेडात. हनुवटी धरली. काय करतेस म्हणून तिने विचारलंसुद्धा नाही, कोकरू उभं राहतं तशी उभी राहिली. मी अंगठ्याने तिची खालची पापणी ओढली.

पांढरी आहे ग.

वीस तारखेपर्यंत थांबू नकोस. दुसरा डोस बापू पाजेल, न पाजेल, पाच गेली तशी आणखी पाच जाऊ देत. हे पत्र हातात पडेल त्या दिवशी नीघ. खालचं दार अडकतं, खांद्याने ढकल. मी तिचे कपडे भरून ठेवते.

आक्का